पिवळा ठिपका, पांढरा ठिपका

घाटाच्या पायथ्याशी दोन बहिणींचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून दुरुस्त होऊन निघालेल्या गाडीच्या प्रत्येक नटावर रंगाचे दोन ठिपके असतात. एक पिवळा, त्याला खेटून एक पांढरा.

टपालवाल्याने एकदा आपल्या गाडीकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हिला गोवर आलाय का?"

"पिवळा माझा," थोरली म्हणाली.

"आणि पांढरा?"

"तो माझ्यावर विश्वास नसल्याचा."

टपालवाला मोठ्याने हसला. आतून, मडगार्डच्या आडून, धाकटीचा आवाज आला, "हसण्यासारखं काही नाही त्यात."

खरंच नव्हतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या दुकानात एकच ठिपका होता.

ठिपका बापाचा. त्याचा नियम असा : नट आवळायचा, पूर्ण आवळायचा, आणि मगच त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या नटाला परत कुणी पाना लावायचा नाही, कारण एका नटाला दोन हात लागले की आटे जातात. थोरली अकरा वर्षांची असताना तिने एकदा घाईत आधी ठिपका दिला आणि मग नट आवळायला घेतला. बापाने तिचा हात बाकावर ठेवला आणि अंगठ्यावर चौदा नंबरचा पाना मारला. नख गळून पडलं. नवीन आलं ते वाकडंच. "ठिपका म्हणजे शब्द," बाप म्हणाला. "आधी शब्द देऊन मग काम करतात ते पुढारी."

आई धाकटीला चार वर्षांची ठेवून गेली, बाप पुढे दहा वर्षांनी. थोरलीने दुकान चालवलं आणि बहीण वाढवली. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "एक पोर वाढवली. आता एक अख्खा माणूस वाढवायचं त्राण नाही." आज ती अठ्ठेचाळीसची आहे. खांदे गड्यासारखे, केस आखूड, आणि ब्रेकच्या कामात तिच्या तोडीचं त्या रस्त्यावर कुणी नाही. ब्रेक केला की गाडी ती स्वतः, एकटी, घाटात नेऊन आणते. सत्तावीस वळणं. तिच्या लेखी त्यांना नावं नाहीत, खालून वर मोजलेले आकडे आहेत. धाकटीलाही तिने याच वळणांवर शिकवलं. ब्रेक दाबायला उशीर झाला की मागून हेल्मेटवर टपली.

मग धाकटीचं लग्न झालं, घाटमाथ्यावरच्या वखारवाल्याशी. लाकडाची मोठी वखार, दोन आरे, एक पांढरा पिकअप. माणूस हसतमुख. पाच वर्षांत धाकटीचा एक कान फाटला, दोन बरगड्या पिचल्या आणि तिची मोटारसायकल सुटली. किल्लीला हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता. गाडी त्याची, किल्ली त्याच्या खिशात.

सहा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी तो गाडी घेऊन दुकानात आला, मागे धाकटी. ती उतरली ती डावा हात पोटाशी धरून.

"हाताला काय झालं?" थोरलीने विचारलं.

"पडली," वखारवाला म्हणाला. "चालताना खाली बघत नाही."

"मी तिला विचारलं, जावईबापू."

"पडले," धाकटी म्हणाली. स म्हणताना तिच्या तोंडातून हवा निसटावी तसा काहीतरी फुसका आवाज आला असता, म्हणून ती स नसलेलंच बोलत होती. थोरलीच्या ते लक्षात आलं, पण कारण कळलं नाही.

वखारवाला आऱ्याची पाती बघायला समोरच्या दुकानात गेला तेवढी दहा मिनिटं दोघींना मिळाली.

"निघून ये," थोरली म्हणाली.

"दुकान पेटवीन म्हणतो. रॉकेलचा डबा दाखवलाय मला."

"पेटवू दे."

"तुलाही आत कोंडून म्हणालाय, ताई."

तो परत आला. धाकटीच्या मानेमागे त्याने नुसता हात ठेवला आणि तिचं बोलणं नळ बंद करावा तसं थांबलं. तिला त्याने दुपारच्या बसमध्ये बसवून वर पाठवलं. स्वतः स्टूल ओढून बसला. मागचा ब्रेक करून घ्यायचा होता. पुढचा जवळजवळ मेलेलाच होता, पण "तो राहू द्या, मागच्यावर भागतं माझं."

थोरली चाक खोलून बसली. तो बोलत होता. पाऊसपाणी, सागाचे भाव, रस्त्याचं रखडलेलं काम. मग त्याच आवाजात, त्याच हसण्यात :

"तुमची बहीण फार बोलायची, ताई. पक्कडीने एक दात काढला. आता मोजकं बोलते. बरं वाटतं घरात."

थोरलीचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मागच्या चाकात ब्रेकची थाळी असते. चाकाबरोबर ती फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला चौकटीला बांधून ठेवते. त्या पट्टीला एक बोल्ट, एक नट, आणि नट सुटू नये म्हणून आरपार एक बारीक पिन. थोरलीने पिन काढून खिशात टाकली. नट आवळला, आणि मग दोन आट्यांवर आणून ठेवला. चढाला काही होणार नव्हतं. पण घाट उतरताना दहा-बारा वेळा जोरात ब्रेक लागला की नट झडणार, थाळी चाकाबरोबर फिरणार, ब्रेकची सळई तुटणार आणि पाय पोकळीत जाणार. वखारवाला दर गुरुवारी घाट उतरायचा. एकटा. थोरलीने हिशेब चोख केला होता.

चूक पुढे झाली. नटावरून पाना निघाला आणि तिचा हात, एकतीस वर्षांच्या सवयीने, तिला न विचारता रंगाच्या डबीकडे गेला. नटावर पिवळा ठिपका बसला. ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. पुसला असता तर त्याने विचारलं असतं, काय पुसलंत. तिने राहू दिला.

बुधवारी सकाळी दहाला फोन वाजला.

"ताई, मी निघाले." धाकटी धापा टाकत होती.

"कुठे?"

"घरी. आपल्या. तो न्हाणीघरात गेला, मी बाहेरून कडी घातली. आतून लाथा मारत होता. दार टिकायचं नाही फार."

"बसने येतेयस?"

"बस कुठली आता. त्याची गाडी घेतली."

थोरलीच्या हातातला पाना खाली पडला.

"ताई, पाच वर्षांनी हात लावला गं. भीतीच वाटत होती. मग खाली वाकून बघितलं, सगळ्या नटांवर तुझे ठिपके. म्हटलं चला, ताईने केलीये."

"थांब. आहेस तिथेच थांब. त्या गाडीला—"

"पेट्रोल पंपावर थांबले होते. पांढरं काहीतरी येतंय मागून. निघते. दुकान पेटवू दे म्हणालीस ना?"

फोन बंद. परत लावला, लागला नाही. घाटात फोन लागत नाही हे तिला बापाच्या नियमांइतकंच पाठ होतं.

हेल्मेट चढवलं की नाही हेही तिला नंतर आठवत नव्हतं. चढवलं होतं. आतून गाल चावल्याचं रक्त त्याला लागलेलं सापडलं.

पहिली सहा वळणं तिने अशी घेतली की पाय ठेवायची दांडी रस्त्याला घासून ठिणग्या उडत होत्या. सातव्यावर वरून ट्रक आला, अख्खं वळण घेऊन. थोरली कड्याच्या बाजूच्या दोन वितींतून घुसली. ट्रकच्या फळीने उजवा आरसा उपटला आणि तो फिरत येऊन तिच्या गळ्यापाशी आपटला. ड्रायव्हरने ओरडून तिच्या आईची चौकशी केली. ती पुढे गेली होती.

अकरा. बारा. तेराव्याच्या आत ओल असते, तिथे तिने गाडी चिखलासकट ढकलली. तिच्या डोक्यात विचार नव्हते, फक्त मोजणी होती. पंपापासून घाटाचं तोंड दोन मैल. तिथून सत्ताविसावं वळण, सव्विसावं, पंचविसावं. एका वळणाला एक ब्रेक. दहा-बारा ब्रेक. म्हणजे पंधरा-सोळाच्या आसपास, जिथे एका अंगाला भिंत नाही आणि खाली नदीपर्यंत काही नाही.

एकोणिसाव्यावर रस्त्याच्या कामाची खडी ओतून ठेवली होती. छातीएवढा ढीग, निम्मा रस्त्यावर पसरलेला. चढताना तिचं पुढचं चाक त्यात शिरलं आणि गाडी खालून काढून घेतल्यासारखी गेली. ती कोपरावर आणि नितंबावर घसरत कठड्याच्या दगडाला थांबली. डाव्या हाताची करंगळी मागे वळून मनगटाकडे बघत होती. थोरलीने ती दातात धरून सरळ केली. आवाज आला. मग गाडी उचलायला वाकली आणि तिला दुसरा आवाज ऐकू आला.

एकोणिसाव्यावरून वरचे रस्ते एकावर एक ठेवलेल्या फळ्यांसारखे दिसतात. तेवीसवरून गाडी खाली येत होती. इंजिन ओरडत होतं, म्हणजे गाडी खालच्या गिअरात दाबून धरली होती. मागच्या चाकाशी लोखंडाची पट्टी लोंबत होती आणि रस्त्यावर ठिणग्यांची रेघ उमटत होती. नट गेला होता. आणि एक फळी मागे, भोंगा वाजवत, पांढरा पिकअप.

बाविसाव्यावर धाकटीने गाडी डोंगराला घासली. वेग कमी व्हावा म्हणून गुडघा आणि खांदा मातीच्या भिंतीला लावून, मुद्दाम. एकविसाव्यावर पुन्हा. पँट फाटली, मांडीची कातडी भिंतीला राहिली. विसाव्यावर भिंत संपते.

थोरली रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हातांनी खडीच्या ढिगाकडे दाखवलं आणि बापाने कधी ऐकला नसेल अशा आवाजात ओरडली, "खडीत घाल."

एखादी थबकली असती, कारण समोर दगडांचा ढीग दिसत असताना त्यात गाडी घालायला कुणाचाही हात कचरतो. धाकटीने बहिणीकडे बघितलं आणि गाडी सरळ ढिगात घातली.

खडी उडाली. गाडी मध्यापर्यंत गडप झाली आणि थांबली, धाकटी थांबली नाही. ढिगावरून पलीकडे फेकली गेली आणि तोंडावर पडली. थोरलीने तिला उलटं केलं तेव्हा ओठ फाटलेला होता, तोंडात रक्त आणि बारीक दगड होते. आणि पुढच्या दातांत एक खिंडार, जे आजचं नव्हतं.

"जगलीस का?"

"नट," धाकटी रक्त थुंकत म्हणाली. "ताई, नट सुटला."

पिकअप थांबला. वखारवाला उतरला, ओल्या केसांनी, अंगात बनियन, हातात हातभर लाकडी दांडकं. बोलण्यात वेळ घालवला नाही. पहिला फटका धाकटीच्या पाठीत बसला. दुसऱ्याच्या मध्ये थोरली आली आणि तो तिच्या खांद्यावर उतरला. तिसरा कानावर. ती गुडघ्यावर आली. चौथ्यासाठी त्याने हात उचलला, आणि त्याची नजर खडीतून वर आलेल्या मागच्या चाकावर गेली.

लाकूडकाम करणारा माणूस, त्याला बोल्ट कळत होते. तो वाकला, लोंबती पट्टी उचलून तिच्या रिकाम्या भोकातून आरपार बघितलं.

"नट कुठाय, ताई?"

थोरलीने कानावरचं रक्त बाहीला पुसलं.

"सुटला म्हणा. पण तुमचा नट सुटतो? ठिपका दिलेला? बरं, नट सुटला. पिन? पिन काय सुट्टीवर गेली?" तो मोजल्यासारखं बोलत होता. "उद्या गुरुवार. उद्या मी उतरणार होतो."

मग तो हसला. मनापासून, पोट धरून. दांडकं बाजूला ठेवलं, धाकटीजवळ उकिडवा बसला आणि अंगठ्याने तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"बघ बाई. मी मारतो ते समोरून मारतो. सांगून मारतो. हिने तुला न सांगता मारलं असतं, अजून दोन वळणं असती तर. आता तूच बोल, कुणाच्या घरी जायचंय."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. "खरं?"

खोटं तयार होतं. पिन जुनी होती, आटे गेलेले होते, हात चुकला. कुणीही मानलं असतं.

"खरं," थोरली म्हणाली. "त्याच्यासाठी केलं होतं."

"ते कळलं मला. ठिपका का दिलास?"

"हात गेला. सवयीने."

"ठिपका नसता तर मी पाना लावून बघितला असता."

"हो."

"तो बघून बसले मी गाडीवर."

"हो," थोरली म्हणाली.

धाकटी उठायला लागली. वखारवाल्याने हात पुढे केला, शाबासकी दिल्यासारखा. तिने तो धरलाही. दुसऱ्या हाताने खडीत चाचपलं, जिथे थोरलीच्या गाडीतून हत्यारांची पिशवी पडून उघडली होती. टायर काढायची पहार हातभर लांब असते आणि टोकाला चपटी. तिने ती त्याच्या गुडघ्यावर बाजूने मारली. वाळलेली फांदी मोडावी तसं वाजलं. तो पडता पडता तिच्या केसांना लोंबला, तेव्हा त्याच गुडघ्यावर दुसऱ्यांदा.

"हे दाताचं," ती म्हणाली. दात नसल्यामुळे तो शब्द तिच्या तोंडून नीट फुटला नाही, पण त्याला कळला.

तो खडीत पडून गुरासारखा ओरडत होता. धाकटीने पिकअपची किल्ली काढून दरीत फेकली. पहार परत उचलून ती थोरलीसमोर आली, आणि थोरलीने मान खाली घातली. चुकवायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं.

धाकटीने पहार पिशवीत ठेवली. "चौदाचा दे," ती म्हणाली. "आणि सतराचा."

मग ती थोरलीच्या गाडीशी बसली. पुढचं चाक, मागचं चाक, पट्टी, सळई, हँडल. प्रत्येक नटावर पिवळा ठिपका होता आणि प्रत्येक नटाला तिने पाना लावला. तोंडातून रक्त गळत होतं, मागे नवरा शिव्या देत होता, विनवत होता, पुन्हा शिव्या देत होता. दहा मिनिटं लागली. सगळे नट आवळलेले निघाले.

"मी चालवते. मागे बस."

एकोणीस वळणं दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्यावर फक्त धाकटी म्हणाली, "नीट धर." थोरलीने नऊ बोटांनी धरलं.

वखारवाल्याने माथ्यावर सांगितलं की पायावर ओंडका पडला. बायकोने पाय मोडला हे सांगण्यापेक्षा ओंडका परवडला. दोन महिन्यांनी मात्र तो आला. भरदुपारी, काठी टेकत, हातात रॉकेलचा डबा. रस्त्यापलीकडे उभा राहिला. टपालवाला, चहावाला, सगळे बघत होते. धाकटी पहार घेऊन दारात आली.

"दुसरा गुडघा आणलायस का?"

त्याने तिच्या हातातल्या पहारीकडे बघितलं. मग डबा खाली ठेवला आणि गेला. त्या रॉकेलमध्ये दोघींनी महिनाभर चेन धुतल्या.

पण हे पुढचं. घाटातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी थोरलीने, करंगळीला पट्टी बांधून, एका गाडीचा ब्रेक केला. नट आवळला, ठिपका दिला. धाकटी उठून आली. तोंड अजून सुजलेलं. तिने त्याच नटाला पाना लावून बघितला, फळीवरून पांढऱ्या रंगाची डबी काढली आणि पिवळ्याशेजारी एक ठिपका दिला.

"बाबा म्हणायचे, एका नटाला दोन हात लागले की आटे जातात," थोरली म्हणाली.

"जाऊ देत."

सहा वर्षं झाली. दोघी एका ताटात जेवतात, एकमेकींच्या चपला घालतात, टीव्हीवरून भांडतात. हा दुसरा ठिपका बंद कधी करणार, असं थोरलीने एकदाही विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी धाकटीला तापाने तीन दिवस झोपवलं. थोरलीने एकटीने आठ गाड्या केल्या. आठही दुकानात उभ्या राहिल्या, पिवळ्या ठिपक्यांच्या. गिऱ्हाइकं येऊन कुरकुरत होती. टपालवाला तर चिडलाच.

"अहो ताई, झालीये ना गाडी? आवळलेत ना सगळे नट तुम्ही?"

"आवळलेत."

"मग द्या की."

"अर्धीच झालीये," थोरली म्हणाली, आणि किल्ली देईना. चौथ्या दिवशी धाकटी अंगावर शाल घेऊन बाहेर आली. आठ गाड्यांकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग स्टूल ओढलं आणि चौदाचा पाना मागितला.